चिठ्ठीविना गोळी आणि नीतीचे पहारेकरी

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायची ‘प्रेप’ची गोळी अमेरिकेत २०१२ साली मान्य झाली. कॅलिफोर्नियाने २०१९च्या ‘एसबी १५९’ कायद्याने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना देण्याची मुभा फार्मासिस्टना दिली. अशा कायद्यांवरचे आक्षेप ठरलेले असतात.

पहिला आक्षेप असा, की गोळी सहज मिळू लागली की स्वैराचार बोकाळेल. मराठी वाचकाला हे नवे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांनाही हेच ऐकावे लागले होते. रोगाची भीती हाच नीतीचा पहारा, असे ज्यांना वाटते त्यांनी तसे उघड म्हणावे. उगाच वैद्यकाचा आडोसा घेऊ नये. गोळीने सिफिलिस, गनोरिया टळत नाहीत, हे खरेच. पण गोळी चालू असणाऱ्याची नियमित तपासणी होते, त्यात हे आजारही सापडतात. न घेणाऱ्याला कोण तपासतो?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. लागण आधीच झालेली असेल आणि तरी नुसती ही गोळी दिली, तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणूनच कायद्याने फार्मासिस्टला मोकळे रान दिलेले नाही. आधी त्याने प्रशिक्षण घ्यायचे. गिऱ्हाइकाचा गेल्या सात दिवसांतला निगेटिव्ह अहवाल पाहायचा, चालू औषधे विचारायची, समुपदेशन करायचे आणि त्याच्या डॉक्टरांना कळवायचे. एवढी चौकशी गर्दीच्या दवाखान्यात तरी होते का?

याच कायद्यात संभाव्य संसर्गानंतर घ्यायचे ‘पेप’ औषधही आहे. ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. शुक्रवारी रात्री धोका घडला आणि दवाखाना सोमवारी उघडला, तर त्यातले किती तास उरले, हे ज्याने त्याने मोजावे. कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान शनिवारी उघडे असते. विमा कंपनीच्या पूर्वमंजुरीचा अडसरही या कायद्याने काढला.

माझी तक्रार उलटी आहे: कायदा भित्रा निघाला. चिठ्ठीविना फार तर ६० दिवसांच्या गोळ्या, त्याही दोन वर्षांतून एकदाच! शिवाय फार्मासिस्टने एवढा वेळ द्यायचा, पण खासगी विमा कंपन्यांनी त्याचा मोबदला द्यावा असे बंधन नव्हते. मग दुकानदार कशाला पुढे येतील? ही चूक २०२४ साली ‘एसबी ३३९’ने सुधारली, मुदत ९० दिवसांवर नेली आणि फार्मासिस्टच्या सेवेचा खर्च विम्यात आणला.

आपल्याकडे २०१७चा एचआयव्ही कायदा भेदभाव रोखतो, बाधितांच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो. ‘प्रेप’चे नाव मात्र त्यात नाही. ही औषधे भारतीय कंपन्याच बनवून जगाला पुरवतात. मग आपल्याच कायद्यात ‘प्रेप’ला जागा का नाही, याचा जाब निवडून दिलेल्या प्रतिनिधींना विचारायला हवा.