विश्लेषण : दातांची तार नंतरही लागते, जबड्याची ‘प्लेट’ मात्र वाढीच्या वयातच! बपेऱ्याच्या पालकांनी नागपूर केव्हा गाठावे?

‘दात पुढे आलेत खरे, पण पोरगी लहान आहे. लग्नाच्या आधी तार लावून घेऊ.’ तुमसर तालुक्यात मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेल्या बपेऱ्यात काय किंवा भंडारा शहरात काय, हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्यात अर्धे खरे आहे. दात सरकवायला वयाची अट फारशी नसते, हिरड्या निरोगी असतील तर चाळिशीतही तार लावता येते. जबड्याचे मात्र तसे नाही. जबड्याचे हाड वाढत असते तोवरच त्या वाढीचा फायदा घेता येतो. वाढ थांबली की उरतात दोनच मार्ग : काही दात काढून बाकीच्यांची मांडणी जुळवून घेणे, किंवा अठराव्या वर्षानंतर जबड्याची शस्त्रक्रिया.

मुलींच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचे आहे. वयात येतानाची उंचीची झेप मुलींमध्ये साधारण १० ते १२ या वयात येते, मुलांमध्ये त्यानंतर दीड-दोन वर्षांनी. म्हणजे ‘लग्नाच्या वेळी बघू’ म्हणून जिला थांबवले जाते, तिचीच संधी आधी निघून जाते.

बिघाड दातांचा की जबड्याचा?

दोन्ही असू शकतो. वरचे पटाशीचे दात पुढे दिसतात तेव्हा अनेकदा वरचा जबडा ठीकच असतो, खालचा मागे राहिलेला असतो. याच्या उलट प्रकारात खालचे दात वरच्यांच्या पुढे येतात. तिसऱ्या प्रकारात टाळू अरुंद असल्याने वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला बसतात आणि मूल हनुवटी एका अंगाला सरकवून चावते. आनुवंशिकता हे मोठे कारण आहे, पण एकमेव नव्हे. अंगठा चोखण्याची लांबलेली सवय, तोंडाने श्वास घेणे यांचाही वाटा असतो. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढली, की शेजारचे दात त्या जागेत झुकतात. ‘दुधाचेच आहेत, पडणारच आहेत’ म्हणून किडीकडे केलेले दुर्लक्ष नंतर असे महागात पडते.

प्लेट नेमके काय करते?

मागे राहिलेल्या खालच्या जबड्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे ‘ट्विन ब्लॉक’. स्कॉटलंडचे दंततज्ज्ञ विल्यम क्लार्क यांनी ते १९७७ मध्ये तयार केले. त्यांच्या सहकारी दंतवैद्याच्या मुलाचा समोरचा दात पडल्यामुळे निखळला होता. तो पुन्हा बसवला, पण खालचा ओठ वरच्या दातांमागे अडकत असल्याने तो स्थिर होईना. तेव्हा क्लार्क यांनी वर एक आणि खाली एक अशा दोन प्लेट बनवल्या. दोन्हींवर अॅक्रिलिकचे उतरते ठोकळे होते. तोंड मिटताना हे उतार एकमेकांवर घसरतात आणि खालचा जबडा पुढे येऊनच मिटतो. आज हा उतार बहुधा ७० अंशांचा ठेवतात. यंत्रशाळेत पाचर शिकलेल्याला ही रचना लगेच कळेल. इथे मोटर, स्प्रिंग काही नाही. जोर लावतात ते मुलाचेच चावण्याचे स्नायू.

प्लेट जेवतानाही घालायची असते. पहिला आठवडा लाळ गळते, बोलणे बोबडे होते, शाळेत चिडवतात. याच काळात ती डब्यात जाऊन पडते. वापराचे तास मोजणारे सेन्सर बसवून झालेल्या अभ्यासांत मुले सांगितल्यापेक्षा कमी तास प्लेट घालतात, असेच दिसले आहे.

अरुंद टाळूसाठी मधोमध स्क्रू असलेली प्लेट असते. किल्लीचा एक पाव फेरा दिला की ती सुमारे पाव मिलिमीटर रुंदावते. टाळूच्या मधला सांधा लहान वयात मोकळा असतो, म्हणून हे काम पौगंडावस्थेच्या आत सोपे जाते. वरचा जबडा मागे असेल तर कपाळ आणि हनुवटीवर टेकणारा ‘फेसमास्क’ रबरांच्या साहाय्याने तो पुढे ओढतो.

मग जितके लवकर तितके चांगले?

नाही, आणि काही जाहिराती इथेच दिशाभूल करतात. दात पुढे असलेल्या मुलांना आठव्या-नवव्या वर्षी प्लेट देऊन पुढे पुन्हा तार लावली काय, किंवा थेट किशोरवयात एकदाच उपचार केले काय, अंतिम निकालात फारसा फरक पडत नाही, असे २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात स्पष्ट झाले. लवकर उपचाराचा ठळक फायदा एकच : खेळताना पडून समोरचे दात तुटण्याचे प्रमाण कमी झाले. मिळालेल्या सुधारणेतला मोठा भागही दात सरकल्याचा असतो, हाड वाढल्याचा कमी. तेव्हा दात फारच पुढे नसतील आणि मूल चिडवण्याने खचत नसेल, तर उंचीच्या झेपेपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

उलट्या चाव्याला मात्र थांबून चालत नाही. ब्रिटनमधील एका चाचणीत ७ ते ९ वर्षांच्या मुलांना फेसमास्क दिला. सहा वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांच्यापैकी ३६ टक्क्यांना शस्त्रक्रियेची गरज वाटत होती, उपचार न घेतलेल्यांत ६६ टक्क्यांना. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तपासणी करा, असे तज्ज्ञ म्हणतात ते याचसाठी. तपासणी म्हणजे उपचाराची सुरुवात नव्हे. वाढ किती उरली आहे, हे एका बाजूने काढलेल्या एक्स-रेमधील मानेच्या मणक्यांच्या आकारावरूनही कळते.

ऑनलाइन मिळणारे ‘एकच माप सगळ्यांना’ छापाचे रबरी ट्रेनर घेऊ नका. माप, एक्स-रे, देखरेख यातले काहीच त्यात नाही.

बपेऱ्यातून हे जमेल कसे?

खरी अडचण प्लेटपेक्षा फेऱ्यांची आहे. शासकीय दंत महाविद्यालय आहे नागपूरला. तुमसर, भंडारा करत तिथे जाऊन परतायचे म्हणजे मुलाची शाळा आणि आईची मजुरी, दोन्ही बुडाले. अशा फेऱ्या चार-सहा आठवड्यांनी, वर्षभर. उपचार अर्धवट सुटतात ते यामुळे, पालक बेफिकीर असतात म्हणून नव्हे.

२०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत वर्षातून एकदा, अंगणवाड्यांत दोनदा येतात. त्यांच्या यादीत दातांची कीड आहे. त्याच वेळी मुलाला ‘दाढांवर चाव’ म्हणून ओठ बाजूला केले, तर उलटा चावा काही सेकंदांत दिसतो. त्याला ना यंत्र लागते ना निधी. आरोग्य विभागाने ही नोंद तपासणीत घ्यावी आणि नियमित समायोजनासाठी ऑर्थोडॉन्टिस्टचा महिन्यातला एक दिवस तुमसरच्या शासकीय रुग्णालयात ठरवावा. नागपूरच्या फेऱ्या मग माप आणि एक्स-रेपुरत्या उरतील.

तोवर पालकांनी पहिल्याच भेटीत एकूण फेऱ्या किती, किती आठवड्यांनी आणि सुट्ट्यांत किती बसवता येतील, हे विचारून घ्यावे. प्लेट गरम पाण्याने धुऊ नये, ती वाकते. तुटली तर प्रत्येक तुकडा जपून सोबत न्यावा. तुकडा हरवला की पुन्हा माप घ्यावे लागते, आणि माप म्हणजे नागपूरच्या आणखी दोन फेऱ्या.