टायर टिकला, पण पुढे काय?

ड्रॉवरमधलं जुनं रबरबँड ओढून बघा. तटकन तुटेल, नाहीतर बोटाला चिकटेल. आता दारातल्या बाइकचा टायर बघा. उन्हापावसात उभा राहून, खड्डे खाऊनही तो वर्षानुवर्षं चालतो. यात केमिस्टची मोठी मेहनत आहे.

रबराच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्यांमध्ये दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन नेमका तिथेच हल्ला करतो. ऑक्सिजनही हळूहळू रबर खराब करतो. म्हणून हा मार आधी स्वतःवर घेणारे पदार्थ रबरात मिसळतात. असे पदार्थ शोधण्यात अनेकांचं करिअर जातं. अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीतले वाल्डो सेमन हे त्यातलेच. १९२६ मध्ये ते रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होते. हाती लागलं मऊ, लवचिक पीव्हीसी. पुढे त्यांनी रबर टिकवणाऱ्या रसायनांवर आणि कृत्रिम रबरावरही काम केलं. १९९९ मध्ये, शंभरी पूर्ण करून ते गेले. ऐकलं होतं त्यांचं नाव? मीही नव्हतं.

‘केमिस्ट्री घेऊन करणार काय?’ हा प्रश्न तुम्हालाही कुणीतरी विचारला असेलच. आपण लगेच पॅकेजचा आकडा शोधायला लागतो. पण या कामात पगारापेक्षा मोठं काहीतरी पणाला लागलेलं असतं.

टायरला भेगा पडू नयेत म्हणून ‘सिक्स-पीपीडी’ नावाचं रसायन जगभर वापरतात. ओझोनशी भिडून त्याचा क्विनोन तयार होतो, टायर झिजतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर तो ओढ्यांत जातो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कोहो सॅमन मासे यानेच मरतात, हे २०२० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे इतकी वर्षं टायर वाचत होता आणि मासे मरत होते. बरं, हे रसायन काढून टाकावं, तर टायर तडकून रस्त्यावर माणसांचा जीव धोक्यात येतो. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने टायर कंपन्यांना पर्याय तपासायला लावलं.

तो पर्याय घोषणा देऊन सापडणार नाही. कुणीतरी प्रयोगशाळेत एकेक मिश्रण करून, ओझोनमध्ये ताणून, भेगा मोजत बसायला हवं. आणि ‘टिकतं का?’ याच्याच जोडीला ‘झिजल्यावर कुठे जातं?’ हेही पहिल्याच दिवशी विचारायला हवं. बीएस्सी केमिस्ट्रीचा फॉर्म भरताना बिचकत असाल, तर बिचकू नका. हे काम अजून बाकी आहे.