नूरा कुस्ती आणि खरी कुस्ती

संगीत, नाटक आणि साहित्य यांच्या या पानावर कुस्तीला जागा कशाला, असे एखादे चिकित्सक वाचक विचारतील. त्यांना एवढेच सांगतो की, ज्या शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान बांधविले, त्यांच्याच पदरी अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई होता. गवई आणि पहिलवान यांचा शिधा एकाच कोठारातून निघत असे. दोघांचाही दिवस पहाटे सुरू होई, दोघांनाही उस्ताद लागे आणि दोघांचीही परीक्षा चार जाणत्यांच्या देखत होई. दरबारात गाणाऱ्या बापाच्या पोटी जन्माला आल्यामुळे मी गाणे शिकवितो, पण कुस्तीचाही मी जुना शौकीन आहे, हे आज कबूल करून टाकतो.

आपल्या शहरात ८ सप्टेंबर २०२३ रोजी गच्चीबावलीच्या इनडोअर स्टेडियममध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीच्या कुस्त्या झाल्या. २०१७ साली दिल्लीत झालेल्या खेळानंतर ही मंडळी भारतात प्रथमच आली होती. माझ्याकडे गाणे शिकणारा एक मुलगा सकाळी तालमीत जातो आणि संध्याकाळी माझ्यापुढे तानपुरा घेऊन बसतो. त्याच्या हट्टापायी मी तिकीट काढले. घरच्या मंडळींनी नाके मुरडली. ‘सगळे ठरवून असते, त्यात काय बघायचे?’ हा त्यांचा सवाल.

ठरवून असते हे खरेच आहे. आपल्या हैदराबादेत अशा कुस्तीला ‘नूरा कुस्ती’ म्हणतात. त्या कंपनीनेही १९८९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपला हा प्रकार खेळ नसून करमणूक आहे असे सांगून टाकले. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर चुकवावेत हा त्यामागचा हेतू होता, हे उघड आहे. पण हेतू काही असो, कबुली खरी होती. तेव्हापासून तेथे फसवणूक उरली नाही. नाटकातला राजा खरा नसतो हे ठाऊक असूनही आपण तिकीट काढतोच ना?

आता त्या रात्रीविषयी माझी मते सांगतो. जॉन सीना आणि सेथ रोलिन्स या जोडीने लुडविग कायझर आणि जोव्हानी व्हिंची यांना हरविले. सारी गर्दी सीनासाठी आली होती आणि त्याने ती खूष केली. परंतु माझ्या मते त्या कुस्तीचे खरे मानकरी हरलेली जोडी होय. सीनाचा एकेक फटका गर्दीला जबर वाटला, तो त्या दोघांनी अंगावर घेण्याच्या कसबामुळे. केव्हा अडखळायचे, केव्हा उठायचे, केव्हा समोरच्याला पुढे येऊ द्यायचे, हे त्यांना नेमके कळत होते. आमच्याकडे याला संगत म्हणतात. तबलजीने आपली सारी विद्या दाखवायची ठरविली तर गवई कोलमडतो. तो ठेका धरून मागे बसतो, म्हणूनच गवई समेवर ऐटीत येतो.

ही जोडी तेव्हा ज्या गटात होती, त्याचा म्होरक्या गुंथर हा ऑस्ट्रियाचा मल्ल. त्याच्या प्रवेशाच्या वेळी जे वाद्यसंगीत वाजते, ते द्वोर्झाक या बोहेमियन संगीतकाराच्या १८९३ सालच्या नवव्या सिंफनीतल्या शेवटच्या भागावर बेतलेले आहे. कुस्तीच्या दंगलीत अशी भारदस्त सुरावट ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. उघड्या पंजाचा फटका समोरच्याच्या छातीवर मारणे ही गुंथरची खासियत. तो आवाज पखवाजावरील खुल्या थापेसारखा सभागृहभर घुमतो, आणि तो मात्र नूरा नसतो. छातीवर उठलेला लाल वळ खरा असतो. त्याच्यापुढे उभा होता तो आपला हरियाणाचा शँकी. उंची सात फुटांची, पण पाय जड. गुंथरने त्याला हरविले. शँकीला उंचीवर निवडले, तालमीवर नव्हे, हे माझे मत त्या रात्री पक्के झाले. त्याच महिन्यात कंपनीने त्याला नोकरीतून कमी केले, तेव्हा मला वाईट वाटले, पण नवल वाटले नाही.

वीर आणि सांगा या दुकलीविषयीही तेच म्हणावे लागेल. वीर म्हणजे उत्तर प्रदेशचा रिंकू सिंग, मूळचा भालाफेकपटू आणि नंतर अमेरिकेत बेसबॉल खेळलेला. सांगा म्हणजे छोट्या पडद्यावर २०१३ च्या ‘महाभारत’ मालिकेत भीम झालेला सौरव गुर्जर. दोघेही धिप्पाड आणि कष्टाळू. परंतु ज्या देशात गावोगाव तालमी आहेत, त्या देशातून कुस्तीसाठी एक फेकणारा आणि एक नट निवडावा याला काय म्हणावे? आवाज मोठा म्हणून कोणी गवई होत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये या दोघांनाही निरोप मिळाला.

त्या रात्रीची मला सर्वांत आवडलेली कुस्ती बायकांची होती. ऑस्ट्रेलियाची रिया रिप्ली जिंकली आणि कॅनडाची नताल्या हरली. नताल्या ही हार्ट घराण्यातली. ‘घराणे’ हा शब्द मी जाणून वापरतो. तिचे आजोबा स्टू हार्ट यांनी कॅल्गरीतल्या आपल्या घराच्या तळघरात तालीम चालविली. मुले, जावई, शिष्य सारे तेथेच तयार झाले. याच घराण्यातला तिचा मामा ओवेन हार्ट १९९९ साली कॅन्सस सिटीत छतावरून दोराने उतरण्याच्या कसरतीत खाली पडून मरण पावला. तो दिखावा कुस्तीचाही नव्हता, नुसत्या थाटाचा होता. ठरवून केलेल्या गोष्टीतही माणूस खराखुरा मरतो. नताल्याच्या हालचालींत मला जी शिस्त दिसली, समोरच्या मुलीला उचलताना तिची मान सांभाळण्याची जी काळजी दिसली, ती घरातूनच आलेली असणार. शेजारी बसलेले एक म्हातारे उस्ताद म्हणाले, ‘सब नूरा है साब, लेकिन मेहनत नूरा नै है.’ मला ते पटले.

परतताना माझ्या शिष्याने विचारले, ‘सर, मग खरी कुस्ती बघायची तर कुठे जायचे?’ मी मोठ्या अभिमानाने सांगितले, ‘अरे, महाराष्ट्र केसरी बघ.’ माझ्या या उत्तरानेच मला पुढे अडचणीत आणले.

सुरुवात झकास झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्याजवळ फुलगावला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेल्या सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केले. काही मंडळींची तक्रार अशी की, इतक्या झटपट कुस्तीत पैसे वसूल झाले नाहीत. मी म्हणतो, अहो, एखादा गवई पहिल्याच षड्जात मैफल जिंकतो, त्याला तुम्ही तास मोजून बिदागी देता काय? शिवाय याच सिकंदरची त्या वर्षीच्या जानेवारीत पुण्यात महेंद्र गायकवाडशी झालेली कुस्ती बाहेरच्या टांगेला दिलेल्या चार गुणांमुळे गाजली होती. ते गुण बरोबर की चूक, यावर महाराष्ट्रभर कट्ट्याकट्ट्यांवर भांडणे झाली. त्या भांडणाला सिकंदरने दहा महिन्यांनी मैदानातच उत्तर दिले. तक्रारीचा उत्तम अर्ज तोच.

मग उजाडला २ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरला गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला. आपली पाठ टेकलीच नव्हती, असे राक्षेचे म्हणणे. वाद वाढला आणि त्याने पंचाला लाथ मारली. त्यानंतरच्या अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड थोडा वेळ उरला असताना गुणांवर नाराज होऊन मैदान सोडून गेला. गदा मोहोळला मिळाली. राक्षे आणि गायकवाड दोघांना तीन वर्षांसाठी निलंबित केल्याचे जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात कर्जतला दुसऱ्या गटाची महाराष्ट्र केसरी झाली आणि वेताळ शेळके केसरी ठरला. एका वर्षात दोन केसरी! माझा शिष्य काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

राक्षेविषयी माझे मत स्पष्ट आहे. पंचावर उगारलेला पाय हा आपल्याच उस्तादावर उगारलेला पाय होय. त्याला शिक्षा व्हावी यात शंका नाही. पण शिक्षा देऊन पाठ टेकली की नाही हा प्रश्न सुटत नाही. चितपट म्हणजे काय, हे नियमात स्वच्छ लिहिलेले आहे. दोन्ही खांदे गादीला टेकले पाहिजेत आणि पंचाची खात्री पटेल इतके ते दाबून धरले गेले पाहिजेत. शिवाय निर्णय एकट्या माणसाच्या डोळ्यांवर सोडलेला नसतो. आंतरराष्ट्रीय कुस्तीत गुणांचा निर्णय मान्य नसेल तर प्रशिक्षक गादीवर मऊ उशी टाकून चित्रफीत पुन्हा पाहण्याची मागणी करू शकतो. मागणी फोल ठरली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो, म्हणून कोणी उगाच मागत नाही. अशी सोय प्रत्येक वादग्रस्त निकालाला, सर्वांच्या देखत, मैदानातल्या मोठ्या पडद्यावर का नसावी? पंच बरोबर असेल तर त्याची इज्जत वाढेल. चुकला असेल तर मल्लाची वर्षे वाचतील. गायकवाडलाही मी हेच सांगेन की, बाबा, गुण कमी पडले तर शेवटच्या सेकंदापर्यंत लढ. मैदान सोडणाऱ्याच्या बाजूने खरे असले तरी ते कोणाला दिसत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला जड जाते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गायन स्पर्धेला मी परीक्षक होतो. स्पर्धा सुरू होण्यापूर्वीच चहाच्या कपाबरोबर माझ्या कानावर घालण्यात आले की, अमुक मुलीला पहिला क्रमांक द्यावा, मंडळाला तिच्या घरचा आधार आहे. ती मुलगी बरी गायली. पण तिच्याहून चांगली गायली एक साध्या घरची पोर. तिने पूरियाचा नि असा लावला की माझे डोळे मिटले. मी कागदावर सही केली ती मात्र पहिल्या मुलीच्या नावाखाली. भांडायचे कशाला, असा विचार केला. त्या पोरीने लाथ मारली नाही की आरडाओरडा केला नाही. नमस्कार करून ती गेली आणि पुन्हा कोठे गाताना मी तिला ऐकले नाही.

म्हणून राक्षेवर सारे तुटून पडले तेव्हा मला त्यांच्यात सामील होता आले नाही. अहिल्यानगरच्या पंचांनी ठरवून निकाल दिला, असे मी मुळीच म्हणत नाही. तसे म्हणायला मजजवळ आधार नाही. माझे म्हणणे एवढेच की, परीक्षकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा निकाल तपासण्याची सोय नसेल, तर प्रामाणिक पंचही संशयात सापडतो आणि अप्रामाणिक परीक्षक माझ्यासारखा सुखाने घरी जातो. गच्चीबावलीत निकाल आधी ठरलेला होता, पण तेथे कोणी त्याला खरी स्पर्धा म्हटले नाही. त्या स्पर्धेत मी नूरा कुस्ती लावली आणि वर तिला परीक्षा असे नाव दिले.

दोन केसरींचा प्रश्नही याच पोटातला आहे. तालमीतला पोरगा पहाटे उठून हजार जोर-बैठका काढतो त्या एका गदेसाठी. गदा दोन झाल्या की दोन्हींचे वजन निम्मे होते. दोन्ही गटांतल्या पुढाऱ्यांनी एकत्र बसून एकच मैदान आणि एकच पंचमंडळ ठरवावे. हे काम त्या मुलांच्या हातचे नाही. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना आधी निवडीच्या वादाशी आणि पैशाच्या चणचणीशी झगडावे लागले, मग कोठे प्रतिस्पर्ध्यांशी. त्यांनी कांस्यपदक आणले. इतक्या वर्षांनंतरही आपल्या मल्लाला आधी आपल्याच माणसांशी लढावे लागावे, ही शोभेची गोष्ट नव्हे.

सीनाने २०२५ च्या डिसेंबरात शेवटची कुस्ती खेळली. त्याला हार मानायला लावणारा तोच गुंथर होता. पुष्कळ चाहते चिडले. मला मात्र ते योग्य वाटले. जाणाऱ्याने उमेदीच्या मल्लाला आपला विजय देऊन जावे, ही त्या धंद्याची जुनी रीत आहे आणि ती गायनातल्या गुरूलाही शोभेल अशी आहे.

परवा माझ्या शिष्याने पुन्हा विचारले, ‘सर, या वर्षी महाराष्ट्र केसरी बघायची का?’ मी म्हटले, ‘बघायची. आणि निकाल पटला नाही तर का पटला नाही, ते मला नीट समजावून सांगायचे.’ त्यानंतर मी त्याला त्या गायन स्पर्धेची गोष्टही सांगितली. तो बराच वेळ तानपुऱ्याच्या खुंट्यांशी चाळा करीत बसला आणि मग म्हणाला, ‘त्या मुलीचा पत्ता मिळेल का, सर?’ पत्ता मजपाशी नाही. पण या लेखामुळे तो मिळाला, तर मला तिच्यापुढे जाऊन एक निकाल बदलायचा आहे.