घाटाची माती नेमकी जाते कुठे?

या ब्लॉगवर बैलगाड्यांबद्दल कधी ना कधी लिहावं लागणार होतंच. आमच्याकडचे पाहुणे भेटले की पाचव्या मिनिटाला विषय गाड्यावर येतो. पण आज मला बैलांबद्दल नाही, घोडीबद्दल नाही, बंदी योग्य की अयोग्य याबद्दलही नाही, तर घाटाबद्दल लिहायचंय. म्हणजे ज्या मातीवर हे सगळं पळतं तिच्याबद्दल.

पुण्या-मुंबईच्या आणि त्याहून लांबच्या वाचकमित्रांसाठी थोडं सांगतो. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात शर्यतीच्या धावपट्टीला 'घाट' म्हणतात. ती सपाट नसते, चढाची असते. चार बैल गाड्याला, त्यांच्यापुढे घोडी आणि तिच्यावर स्वार. गाड्यावर हाकणारा नसतो, बैल घोडीच्या मागे पळतात. एका पळण्याला 'बारी' म्हणायचं. बारी काही सेकंदांत संपते आणि निकाल सेकंदाच्या हिश्श्यावर लागतो. पौष पौर्णिमेला नागापूरला थापलिंगच्या खंडोबाची यात्रा भरते. तिथून जो हंगाम रंगतो तो चैत्र-वैशाखापर्यंत गावोगावच्या यात्रांमधून चालू राहतो.

मग येतो पावसाळा, आणि घाटाकडे कुणी फिरकत नाही.

चढ कशासाठी ते सगळ्यांना माहीत आहे. उधळलेला गाडा वर जाता जाता आपोआप मंदावतो. पण जो चढ बैलांना आवरतो, तोच उतार पाण्याला पळवतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे साधं शास्त्र आहे. घाट म्हणजे लांबच लांब, उघडी, मुद्दाम भुसभुशीत केलेली मातीची पट्टी. तिच्यावर गवताची काडी नाही, वाटेत बांध नाही. जूनचे दोन दणके बसले की बोटभर ओघळ पडतात, आणि ऑगस्टपर्यंत त्या ओघळांत पाय अडकेल अशा घळी होतात. बारीक माती आणि वाळू आधी जाते, मागे दगडगोटे उरतात.

आमच्या गावचा घाट मी वर्षानुवर्षं पाहतोय. दर वर्षी यात्रेच्या आधी ट्रॉल्याच्या ट्रॉल्या माती येते, वर वाळू पसरतात, ट्रॅक्टर फिरतो, टँकरने पाणी मारतात, घाट आरशासारखा होतो. आणि दर वर्षी ती सगळी माती खालच्या वावरात आणि तिथून ओढ्यात जाते. पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी, पुन्हा ट्रॉल्या. बक्षिसाला मोटरसायकल असते, मोठ्या यात्रांना तर त्याहून मोठ्या वस्तू असतात. चर खणायला मात्र पैसे नसतात. "चार महिन्यांचा पाऊस, त्याचं काय एवढं! माती टाकली की झालं," असं उत्तर मिळतं.

मला हे उत्तर पटत नाही. त्याची तीन कारणं.

पहिलं म्हणजे जनावर. वरून आरशासारखा दिसणारा घाट खाली पोकळ असू शकतो. बुजवलेल्या घळीत माती नीट दबलेली नसते, वर टँकरचं पाणी पडलं की ती जागा दलदलीत होते. अशा जागी पूर्ण वेगातल्या घोडीचा पाय गेला तर काय होईल? मागून चार बैल येतायत आणि गाड्याला ब्रेक नाही. नदीच्या वाळूचंही तसंच. तिचा कण गोल, घासलेला असतो, त्यामुळे जाड थर दिला की तो पायाखाली गोट्यांसारखा सरकतो. घोडेस्वारीची मैदानं शास्त्रशुद्ध बांधतात तेव्हा खाली दाबलेला पक्का थर असतो, वर वाळूचा बेताचाच थर असतो आणि तीही शक्यतो कोनेदार कणांची, म्हणजे कण एकमेकांत अडकून बसतात. आपल्याकडे वाळू जितकी जाड तितका घाट भारी, असा समज आहे.

दुसरं, ती वाळू येते कुठून? कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या आपल्याच नद्या. पिंपळगाव जोगे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि डिंभे अशी पाच धरणं कुकडी प्रकल्पात आहेत. धरणांनी पाणी दिलं, द्राक्षं आणि टोमॅटो दिले, हे खरंच. पण वरून येणारी वाळू भिंतीमागे अडते, खाली नव्याने येत नाही. खालच्या पात्रातून जी काढू ती गेली. ती घाटावर टाकून एका पावसात घालवायची म्हणजे उधळपट्टीच.

तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात मोठं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली. २०१७ साली राज्याने कायदा केला, तोही न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या सगळ्या वर्षांत आपण काय सांगत होतो? की आम्ही बैलाला पोटच्या पोरासारखं सांभाळतो. ते खरं आहे, मी घराघरांतून पाहिलंय. खुराक, अंघोळ, मालिश, सगळं. पण ज्या जमिनीवर त्याला पळवायचं ती जमीन वर्षातले अकरा महिने वाऱ्यावर सोडली तर त्या बोलण्याला अर्थ राहत नाही.

बरं, उपाय काही रॉकेट सायन्स नाही :) आपल्या डोंगरच्या शेतकऱ्याला हे सगळं येतं. घाटाच्या माथ्यावर आडवा चर काढायचा, म्हणजे डोंगराचं पाणी घाटात उतरतच नाही, बाजूने निघून जातं. घाट रुंदीत मधे किंचित उंच ठेवायचा, शंभर फुटांना एक-दोन फूट एवढाच, म्हणजे पडलेलं पाणी लांबीने न धावता कडेला जाईल. दोन्ही कडांना दगडी नाली, आणि नालीत ठराविक अंतरावर दगडांचे छोटे बांध, पाण्याचा वेग मोडायला. तळाशी मोठा खड्डा. वाहून आलेली माती तिथे बसेल, पावसाळ्यानंतर तीच उचलून पुन्हा वर टाकता येईल. चार महिने घाटावर गवत वाढू द्यायचं, यात्रेच्या आधी मधला पट्टा तेवढा मोकळा करायचा आणि कडांची हरळी कायम ठेवायची. पुण्याच्या रेसकोर्सवर शर्यतींचा हंगाम ऐन पावसाळ्यात असतो. तिथे घोडे हिरवळीवर पळतात आणि जमीन जागेवर राहते ती मुळांमुळे.

हे काम वैशाखात, शेवटची बारी झाल्यावर लगेच व्हायला हवं. यात्रेच्या आदल्या आठवड्यात केलेलं काम हे रंगकाम झालं. आणि हो, हल्ली घाटाच्या कडेने सिमेंटच्या पायऱ्या आणि गॅलऱ्या बांधतात. बसायला छान. पण सिमेंट पाणी पीत नाही, ते सगळं घाटावर सोडतं. गॅलरीच्या अंदाजपत्रकातच नाली धरली पाहिजे.

कुणी म्हणेल, एका घाटाच्या मातीचं इतकं काय कौतुक. आपला तालुका ३० जुलै २०१४ विसरलेला नाही. माळीण आपल्याच आंबेगावातलं. १५१ माणसं गेली. त्याची कारणं मोठी होती, त्यावर वादही झाले, आणि घाटाच्या घळीशी त्याची तुलना मी करणार नाही. पण त्यानंतर तरी उतारावर काहीही करताना पाणी कुठून जाणार हा प्रश्न आधी विचारायची सवय आपल्याला लागायला हवी होती. शाळेमागचा उतार असो, रस्ता असो नाहीतर घाट. ती सवय लागलेली मला दिसत नाही.

असो. काका-मामा मंडळी हे वाचून म्हणतील, पुण्यात बसून शहाणपण शिकवतोय. म्हणा. पण यंदाच्या वर्गणीची वही उघडाल तेव्हा बक्षिसांच्या वर एक ओळ 'चर आणि नाली' अशी लिहा, माझी वर्गणी त्या ओळीपुढे मांडा. आणि तुमच्या गावच्या घाटाला कुणी नाली केली असेल तर मला जरूर कळवा, बघायला येईन. जुलैमध्ये, भर पावसात.