कोंबड्यांचे जंत आणि सामाईक उकिरडा

बैलानें एक वेळची वैरण सोडली कीं आमचा शेतकरी बंधु गुरांच्या दवाखान्याची वाट धरतो. परंतु अंगणांतील तलंग महिनाभर झडत चालली तरी तिच्याकडे त्याची दृष्टि वळत नाहीं. कोंबड्या हा बायकांचा व्यवहार, त्यांत पुरुषानें काय लक्ष घालावें, अशी समजूत आमच्या गेवराई तालुक्यांत अद्यापि आहे. देशी कोंबडी वर्षाकाठीं साधारण ६० ते ८० अंडीं देते. त्या पैशांतून घरचें तेल-मीठ आणि मुलांच्या वह्या येतात, हें घरधन्यास ठाऊक नसतें असें नाहीं. तें मोजण्याची त्यास संवय नसते, इतकेंच.

हा दोष आम्ही दुसऱ्यास देत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं भाद्रपदांत त्वरितादेवीच्या तलवाड्यास आमच्याच घरीं १४ तलंगांपैकीं ५ एकामागून एक गेल्या. तुरे फिके, पंख लोंबलेले, छातीचें हाड बोटांस लागे. दाणा मात्र त्या हावरेपणानें टिपीत. मानमोडी आली असें शेजाऱ्यांनीं सांगितलें आणि आम्हींहि मान डोलावली. मानमोडी इतक्या सावकाशीनें मारीत नाहीं, हें ध्यानांत येण्यास पांचवी मेलेली तलंग चिरून पाहावी लागली. तिचें लहान आंतडें दोन ते चार इंच लांबीच्या, शेवयांसारख्या पांढऱ्या जंतांनीं तुंबलें होतें.

हा गोल जंत. त्याचीं अंडीं विष्ठेबरोबर जमिनीवर पडतात, परंतु पडतांच बाधत नाहींत. ऊब आणि ओल मिळाल्यास दोन-तीन आठवड्यांत त्यांत अळी तयार होते व मग दाण्याबरोबर तीं पोटांत जातात. पुढें पांच ते आठ आठवड्यांनीं त्या अळीचा पूर्ण जंत होऊन पुन्हां अंडीं पडूं लागतात. तीन महिन्यांच्या आंतील पिलांस याचा जाच अधिक. थोर कोंबडी पोटांत जंत बाळगूनहि खुशाल हिंडते आणि पिलांच्या वाटेवर अंडीं पेरीत जाते. ओलसर सावलींत तीं महिनेच्या महिने जगतात. कोरडें कडक ऊन मात्र त्यांस सोसत नाहीं. म्हणजे ज्या वैशाखास आपण शिव्या देतों, तोच येथें आपला वैद्य आहे.

आम्हीं तालुक्याहून पिपरॅझिन आणलें, दिवसभर कुंडीच्या पाण्यांत ठेवलें आणि निर्धास्त झालों. मोकळ्या कोंबड्या कुंडींतलें पाणी सोडून मोरीचें पाणी प्याल्या. शिवाय हें औषध मोठ्या गोल जंतास लुळा करून बाहेर टाकतें. आंतड्याच्या अस्तरांत दडलेल्या कोवळ्या अळ्या त्यास बहुतेक सांपडत नाहींत, म्हणून तीन आठवड्यांनीं पुन्हां द्यावें लागतें. तें आम्हीं दिलें नाहीं. मुंग्या आणि भुंगेरे खाऊन पोटांत जाणाऱ्या चपट्या जंतांवर तर त्याचा उपयोगच नाहीं. दिवाळींत पाहतों तों छातीचीं हाडें पूर्ववत् हातास लागत होतीं.

परंतु औषध नीट दिलें असतें तरी काय झालें असतें? आमच्या गल्लींत सात घरें आहेत आणि उकिरडा एक. सकाळीं खुराडीं उघडलीं कीं सातहि घरच्या कोंबड्या तेथेंच उकरतात. एका घरानें औषध पाजावें आणि सहा घरांनीं अंडीं पेरावीं, हा व्यवहार आपल्या शेतांतली हराळी खणून शेजाऱ्याचा बांध तसाच सोडण्यासारखा आहे. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या ठरवितांना आम्ही एकत्र बसतों, भांडतों, पण ठरवितों. कोंबड्यांच्या औषधाचा दिवसहि गल्लीनें तसाच एकत्र ठरवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तो दिवस मृगाच्या तोंडाशीं धरावा, तीन आठवड्यांनीं दुसरा, आणि दिवाळीनंतर पुन्हां एकदां. ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें डालग्यांत कोंबड्या घेऊन जातात, त्यांनीं परततांच औषध द्यावें. आधीं चार-सहा घरची ताजी विष्ठा डबींत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यांत दाखवावी. जंत कोणता हें कळल्यावर पिपरॅझिन, अल्बेंडाझोल कीं फेनबेंडाझोल हें डॉक्टर सांगतील. मात्रा वजनावर असते, गुरांच्या बाटलींतून अंदाजानें ओतूं नये. खुराडें उघडण्यापूर्वीं एकेकीच्या चोंचींत थेंबांनीं द्यावें, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडीं खाऊं नयेत व विकूंहि नयेत. मानमोडीची लस टोंचण्याच्या आठवडाभर आधीं जंत काढल्यास लशीचा गुण चांगला येतो. पळसपापडीची आम्ही टिंगल करीत नाहीं, परंतु कोंबडीस ती किती द्यावी याचा नेम कोणी सांगूं शकत नाहीं.

वैशाखांत खुराड्याखालची वीतभर माती खणून उन्हांत पसरावी, चुना टाकून नवी कोरडी माती भरावी, आणि पिलांस थोर कोंबड्यांपासून निराळ्या जागीं वाढवावें. हें फुकटचें काम आहे. कदाचित् म्हणूनच कोणी करीत नाहीं.

यंदा ज्येष्ठांत आमच्या गल्लींतील सहा घरांनीं एकाच सकाळीं औषध पाजलें. पुढाकार बायकांनीं घेतला. आम्ही फक्त तराजू धरला. सातव्या घरधन्यानें मात्र, कोंबड्यांचें कसलें आलें औषध, म्हणून नकार दिला. त्याच्या नऊ कोंबड्या आजहि त्याच उकिरड्यावर उकरतात. त्यांचें औषध सहा घरांनीं वर्गणी काढून द्यावें असें आम्हीं सुचविलें आहे. चार घरें कबूल आहेत, दोघांशीं बोलणें चाललें आहे.