घोरणारे पोर

पोर तोंड उघडे टाकून घोरते, सर्दी हटत नाही. मालवण किनाऱ्यावर घरचे दमट हवेला बोल लावतात. नाकामागचे अ‍ॅडेनॉइड वाढलेले असू शकतात, हे सुचत नाही. त्यांच्यामुळे कानाची नळी अडली की पडद्यामागे पाणी साचते आणि वर्गात पोर ‘लक्ष देत नाही’ ठरते. सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागत नाही. वयाच्या सात-आठ वर्षांनंतर अ‍ॅडेनॉइड बहुधा आपसूक आक्रसतात. पण झोपेत श्वास अडकत असेल, ऐकू कमी येत असेल, तर थांबू नये. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष तपासतातच. त्याच्या तपासणी पथकाने घोरण्याचेही विचारावे. सिंधुदुर्गातच ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असताना पालकांना गोव्यातले बांबोळीचे रुग्णालयच आठवत असेल, तर इथल्या शस्त्रक्रियेचा वार गावोगावी कळवायला हवा.