नक्कल केली, पण रुजवात घेतली का?

विद्यार्थी मित्रांनो, जमिनीच्या एखाद्या जुन्या कागदाची नक्कल तुमच्या घरी असेल, तर ती वडीलधाऱ्यांना विचारून जरा पाहा. तिच्यावर ‘खरी नक्कल’ असा शेरा आढळेल. नक्कल लिहून काढली की काम संपत नाही. ती मुळाशी शब्दन् शब्द ताडून पाहावी लागते, आणि या ताडण्याला ‘रुजवात घेणे’ असा जुना, नेमका शब्द आहे. संगणकावर नक्कल करायला आपण सारेच शिकलो. रुजवात घ्यायला मात्र शिकलो नाही, अशी माझी तक्रार आहे.

युनिक्स या संगणक-प्रणालीचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली तिच्या कामाला आरंभ केला. तिची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर १९७१ची. फाइलची प्रत काढणारी ‘सीपी’ ही आज्ञा तिच्यात आहे. नाव इतके आखूड का? त्या काळी संगणकाशी बोलायचे ते टेलिटाइप यंत्रावरून, आणि त्याचे ‘मॉडेल ३३’ हे यंत्र सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापी. मग आज्ञा जितकी लहान तितकी बरी! आज लिनक्स आणि मॅक संगणकांवर हीच आज्ञा चालते.

आज्ञा देण्याची रीत सोपी आहे. आधी ‘सीपी’, मग मूळ फाइलचे नाव, मग प्रतीचे नाव. मूळ आधी, प्रत नंतर. समजा, तुम्ही पावसाच्या रोजच्या नोंदी ‘पाऊस’ या फाइलीत ठेवता आणि तिची महिन्यापूर्वी काढलेली प्रत ‘पाऊस-जुना’ या नावाची आहे. आज ती प्रत ताजी करायची आहे, आणि घाईत तुम्ही ‘सीपी पाऊस-जुना पाऊस’ असे टंकले. काय होईल? संगणक हूं की चूं करणार नाही. ‘पाऊस’ ही फाइल आधी रिकामी करील आणि मग तिच्यात महिन्यापूर्वीच्या नोंदी भरील. तुमची महिन्याभराची मेहनत गेली! ती कचरापेटीतही सापडायची नाही. दोन नावांची अदलाबदल झाली, एवढीच काय ती चूक.

तुम्ही म्हणाल, ‘मग संगणकाने आधी विचारावे की!’ तीही सोय आहे. आज्ञेपुढे वजाचे चिन्ह आणि ‘आय’ हे अक्षर लिहिले, की असलेल्या फाइलीवर लिहिण्यापूर्वी तो ‘लिहू का?’ असे विचारतो. पण दर वेळी प्रश्न आला, की न वाचताच ‘हो’ म्हणण्याची सवय बोटांना लागते. म्हणून निव्वळ त्या प्रश्नावर विसंबू नये, असे मला वाटते.

डिरेक्टरीची गंमत आणखी वेगळी. डिरेक्टरी म्हणजे कपाट. त्यात कप्पे आणि कप्प्यांत आणखी कप्पे. नुसती ‘सीपी’ आज्ञा कपाट उचलायला नकार देते. तिला ‘वजा आर’ अशी जोड दिली, की आतल्या साऱ्या कप्प्यांसह प्रत निघते. आता हे करून पाहा. ‘प्रकल्प’ या डिरेक्टरीची ‘साठा’ या नावाने प्रत काढा. मग तीच आज्ञा पुन्हा द्या. साठा ताजा झाला असे वाटेल, पण नाही! पहिल्या वेळी ‘साठा’ अस्तित्वात नव्हता, म्हणून तो ‘प्रकल्प’ची प्रत बनला. दुसऱ्या वेळी तो आधीच होता, म्हणून नवी प्रत त्याच्या पोटात ‘प्रकल्प’ नावाने जाऊन बसली. वरच्या फाइली जुन्याच राहिल्या. ताडून पाहिले नाही, तर हे कळणार कसे?

१९७१च्या त्याच पुस्तिकेत ‘सीएमपी’ ही आज्ञाही आहे. ती दोन फाइली बाइटन् बाइट ताडते. दोन्ही सारख्या असतील तर गप्प बसते. फरक असेल तर पहिला फरक कितव्या बाइटवर आणि कितव्या ओळीत आहे ते सांगते. डिरेक्टऱ्या ताडण्यासाठी ‘डिफ’ या आज्ञेला ‘वजा आर’ जोडावे. म्हणजे युनिक्स घडवणाऱ्यांनी नक्कल आणि रुजवात ही दोन्ही साधने पहिल्यापासून शेजारीशेजारी ठेवली होती. त्यांतले एकच आपण उचलले.

त्याची किंमत काय पडते? १९९८ साली पिक्सार या कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू होते. पुसून टाकण्याची एक आज्ञा चुकून दिली गेली आणि चित्रपटाच्या फाइली भराभर नाहीशा होऊ लागल्या. राखीव प्रती होत्या, पण त्या नीट निघतच नव्हत्या, हे तेव्हा उमगले. गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंनी घरून काम करता यावे म्हणून घरच्या संगणकावर एक प्रत ठेवली होती. तिनेच तारले. चित्रपट १९९९ साली पडद्यावर आला. यातून दोन धडे घ्यावेत. न तपासलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे. आणि एक तरी प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी, कारण एकाच डिस्कवरच्या दोन प्रती डिस्क बिघडली की एकदमच जातात.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. माउसने फाइल ओढून टाकणे मुले घरीच शिकतात. शाळेतला एक तास या दोन आज्ञांना द्या. प्रत्येकाने दहा ओळींची फाइल करावी, प्रत काढावी, शेजाऱ्याने त्या प्रतीतले एकच अक्षर गुपचूप बदलावे आणि मग ते ‘सीएमपी’ने शोधावे. मजकूर मराठी असला तर बाइटचा आकडा फार मोठा दिसेल. नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना-मात्राही त्यातून सुटत नाहीत!

तर मित्रांनो, वर्षभर खपून केलेला प्रकल्प पुढच्या वेळी पेन ड्राइव्हवर घ्याल, तेव्हा लगेच उठू नका. मूळ आणि प्रत ताडून पाहा. संगणक काहीच बोलला नाही, तर समजा, की तुमची नक्कल ‘खरी नक्कल’ आहे.